उंबरकोंडचे दोन कोंडिबा

उंबरकोंडच्या कोंडिबा लक्ष्मण ढेबेचा अर्ज महाडच्या रशिदाने संगणकात भरला होता. वेळेवर भरला होता आणि बरोबर भरला होता. ती नोंद पुसली माझ्या प्रोग्रॅमने. तरीही दोष रशिदाच्या नावावर गेला, कारण तसं पत्र मी लिहून दिलं.

एवढं सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मागे सरायला वाट उरणार नाही. संपादकांनी मला महाडमध्ये संगणक नवा होता तेव्हाच्या गमती लिहायला सांगितल्या होत्या. तशा गमती माझ्याकडे पुष्कळ आहेत. एका भुसार व्यापाऱ्याने दसऱ्याला माउसला हार घातला आणि त्याचा दोरा आत अडकला, म्हणून बोलावणं आलं होतं. एका गृहस्थांनी व्हायरस डोळ्यांना दिसतो का, निदान भिंगातून तरी, असं अगदी गंभीरपणे विचारलं होतं. पण आता पंचाहत्तरी उलटली. अजून किती दिवाळी अंक मला मिळणार आहेत ठाऊक नाही. तेव्हा माउस आणि हार दुसऱ्या कोणी लिहावा.

मुंबईत एका कंपनीच्या संगणक खात्यात तेवीस वर्षं काढून मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि गावी आलो. एसटी स्टँडजवळ दोन खोल्या घेतल्या. पुढच्या खोलीत क्लास आणि मागच्या खोलीत मी, असं चालायचं. सकाळी पोरापोरींना शिकवायचं, दुपारी लोकांसाठी प्रोग्रॅम लिहायचे. गावात सगळे मला मास्तर म्हणायला लागले.

प्रोग्रॅमचं पहिलं मोठं काम मिळालं ते हसनभाईंचं. त्यांचे चार ट्रक होते, एमआयडीसीतला माल ते गुजरातपर्यंत न्यायचे. कुठली गाडी कुठे आहे, टायर कधी बदलले, ब्रेक कधी बघितले हे सगळं त्यांना पडद्यावर हवं होतं.

इथे धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. संगणकात माहिती तक्त्यात राहते. एका ओळीत एक गाडी, किंवा एक माणूस. प्रत्येक ओळीला एक ओळखक्रमांक लागतो आणि तो दुसऱ्या कुठल्याही ओळीचा असता कामा नये. संगणकवाले त्याला प्रायमरी की म्हणतात. मराठी वाक्यात हा ‘की’ फार घोटाळा करतो, म्हणून मी ओळखक्रमांकच म्हणणार आहे. साधी पद्धत अशी, की हा क्रमांक संगणकालाच देऊ द्यावा. एक, दोन, तीन. त्याला काही अर्थ नसतो, आणि अर्थ नसतो म्हणूनच तो चुकत नाही.

हसनभाईंना ते पटलं नाही. “दोन नंबरची गाडी म्हंजे कुठली, मास्तर? माझ्या गाड्यांना नंबर हाय ना. आरटीओने दिलाय. तोच घाला.”

मी घातला. गाडीचा नंबर हाच ओळखक्रमांक केला. काम उत्तम झालं. पडद्यावर नंबर दिसला की हसनभाई गाडी ओळखायचे, ड्रायव्हर ओळखायचे, तो आत्ता कुठल्या ढाब्यावर झोपला असेल तेही सांगायचे. ते इतके खूष झाले की आपली मुलगी त्यांनी माझ्या क्लासात आणून बसवली. बारावी झालेली, हात चपळ, नजर त्याहून चपळ. “हिला तुमच्या हाताखाली घ्या,” म्हणाले. “घरात बसून डोकं गंजवते.”

ती रशिदा. वर्षभरात ती माझ्या क्लासातली सगळ्यात चांगली ऑपरेटर झाली.

दोन हजार सालानंतर गावातल्या एका धर्मादाय रुग्णालयाने मला बोलावलं. ते रुग्णालय आता नाही, त्याचं नाव घेण्याचंही कारण नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर ज्या वाड्या आहेत, गुरं-शेरडं राखणाऱ्या लोकांच्या, तिथे छातीच्या रोगाची तपासणी करण्याचा त्यांचा उपक्रम होता. माणसं खाली यायची, थुंकीची तपासणी व्हायची, गरज पडली तर छातीचा फोटो निघायचा. ज्याला टीबी निघेल त्याच्या वाडीत परिचारिका चढून जायची, त्याला कळवायची आणि औषध सुरू करायची. यादी मोठी होत चालली होती, म्हणून त्यांना संगणक हवा होता. मी कामाला लागलो, आणि तपासणीला आलेल्या माणसांचे कागदी अर्ज संगणकात भरायला रशिदाला नेमायला सांगितलं. माझ्या शब्दावर त्यांनी तिला घेतलं.

त्या सुमारास मी नवीन विद्या शिकलो होतो. पुस्तकं मुंबईहून मागवली होती. पूर्वी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तक्त्याशी तक्त्याच्या भाषेत बोलावं लागायचं. आता मध्ये एक दुभाष्या आला होता. ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग असं त्याचं लांबलचक नाव. आपण आपल्या भाषेत म्हणायचं, “हा रुग्ण जतन कर,” आणि तो तक्त्याला समजेल असं सांगून काम करून आणायचा. पन्नाशी उलटल्यावर हे मी एकट्याने शिकलो, याची मला घमेंड होती. खोटं कशाला बोलू.

हा दुभाष्या नवा रुग्ण आणि जुना रुग्ण कसा ओळखायचा? क्रमांक देणं त्याच्यावर सोपवलं असेल तर सोपं होतं. ज्या रुग्णाला अजून क्रमांकच नाही तो नवा. पण क्रमांक तुम्ही स्वतः बनवून दिलात तर प्रत्येक रुग्ण क्रमांक घेऊनच त्याच्यासमोर येतो. मग तो तक्त्यात बघतो. हा क्रमांक आधीच असेल, तर त्याला वाटतं की जुन्याच माणसाची माहिती सुधारून आणली आहे. तो जुनी ओळ पुसतो आणि नवी लिहितो. तक्रार करत नाही. तक्त्याला थेट सांगितलं असतं तर तक्ता भांडला असता, हा क्रमांक आधीच आहे म्हणून अडून बसला असता. दुभाष्याने ते भांडण होऊच दिलं नाही. पुस्तकात याबद्दल एक सावधगिरीची सूचना होती. मी ती वाचली होती, पेन्सिलीने खूणसुद्धा केली होती.

आणि तरी मी क्रमांक स्वतः बनवला. हसनभाईंच्या गाड्यांचं यश डोक्यात होतं. क्रमांक बघताच माणूस ओळखू यावा, असं मला वाटलं. गावाची पहिली अक्षरं, आडनावाची पहिली अक्षरं, नावाची पहिली अक्षरं आणि जन्मतारीख. मधलं नाव मी मुद्दाम गाळलं. बायका कधी वडिलांचं सांगतात, कधी नवऱ्याचं, तेव्हा ते नकोच, असा मी विचार केला आणि त्या विचारावर खूष झालो.

गाड्यांना आरटीओ आहे. दोन गाड्यांना एक नंबर मिळू नये हे बघायला तिथे माणसं बसलेली असतात. कोंडिबाला नाव देताना असं कोणी बसलेलं नव्हतं.

उंबरकोंड ही वीस-पंचवीस घरांची वाडी. एकूण एक घर ढेबे. मोठा मुलगा झाला की त्याला आजोबाचं नाव द्यायचं ही तिथली रीत. म्हाताऱ्या कोंडिबाला दोन मुलगे, लक्ष्मण आणि राम. दोघांना एकाच वर्षी मुलगा झाला. दोघांनी नाव ठेवलं कोंडिबा. वाडीत यामुळे कधीच घोटाळा झाला नाही, कारण ही नावं कोणी उच्चारतच नव्हतं. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, मग ते पोराला असलं म्हणून काय झालं? आया पोरांना दुसऱ्याच नावांनी हाका मारायच्या. लक्ष्मणचा तो बाळू आणि रामचा तो भिवा. कोंडिबा फक्त कागदावर.

आणि कागदावरची जन्मतारीख? माझ्या पिढीतल्या वाचकाला सांगायला नको. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख ठाऊक नसली की मास्तर एक जून लिहायचे. दोघांना एकाच दिवशी शाळेत घातलं होतं. एक जून, एकोणीसशे बहात्तर.

रशिदाला हे माझ्या आधी दिसलं. एका दुपारी रुग्णालयातून अर्जांचा गठ्ठा घेऊन ती क्लासात माझ्या टेबलापाशी आली. हसत होती.

“सर, तुमच्या उंबरकोंडात सगळी माणसं एक जूनला जन्मली. त्या दिवशी सुईणीचं काय झालं असेल?”

मीही हसलो. चांगला मोठ्याने हसलो. मग ती म्हणाली, “दोन गोष्टी विचारायच्या होत्या. बायका नवऱ्याचं नाव सांगत नाहीत, सासऱ्याचंही नाही. हाकेचं नाव सांगतात. मी ते अर्जावर वर कोपऱ्यात लिहून ठेवते. संगणकात त्याला जागा करता का?”

“हाकेचं नाव सरकारी कामात चालत नाही, रशिदा.”

“बरं. दुसरं म्हणजे, कधीकधी नवीन अर्ज भरला तरी खाली ‘जुनी नोंद बदलली’ असं येतं. माझं काही चुकतं का?”

त्या वेळी माझ्या मागच्या खोलीत एका पतपेढीचे दोन संचालक ताटकळत बसले होते. मी म्हटलं, “तू बटण दोनदा दाबत असशील. बघतो मी.”

बघितलं ते असं. संध्याकाळी मी प्रोग्रॅम उघडला. नव्या नोंदीला ‘नवी नोंद झाली’ आणि जुन्या नोंदीला ‘जुनी नोंद बदलली’ असे दोन संदेश मीच लिहिले होते. दोन संदेशांमुळे ऑपरेटर गोंधळतो असं मी ठरवलं आणि दोन्ही ठिकाणी एकच लिहिलं. ‘नोंद झाली.’ पाच मिनिटांचं काम होतं. संगणक तिच्या तोंडून मला जे सांगत होता, ते सांगायचं त्याने बंद केलं.

बाळूच्या थुंकीत जंतू निघाल्याची नोंद रशिदाने एका बुधवारी भरली. शनिवारी भिवा कोयत्याने हात कापून घेऊन आला. वाडीतला माणूस खाली आला की छातीही तपासायची असा नियम होता. त्याची छाती स्वच्छ निघाली. रशिदाने तीही नोंद भरली. नोंद झाली. सोमवारी दर आठवड्यासारखी यादी छापली गेली. त्या यादीत उंबरकोंडमध्ये कोणालाही टीबी नव्हता. परिचारिका दुसऱ्या वाडीवर गेली.

आठ महिन्यांनी चार माणसं बाळूला डोलीतून खाली घेऊन आली. खोकताना रक्त पडत होतं. मी त्या दिवशी प्रिंटरची शाई बदलायला रुग्णालयात गेलो होतो, म्हणून समोर होतो. डॉक्टर त्याच्या बायकोवर चिडले, इतके दिवस काय करत होता म्हणून. सगुणा तिचं नाव. ती चिडली नाही, रडली नाही. समजावून सांगावं तशी म्हणाली, “तुमीच म्हनला व्हता ना, रिपोट वाईट आला तर वर मानूस धाडू. मानूस आला नाय. मंग आमी धरलं, काय नाय, बरा हाय.”

डॉक्टरांनी प्रयोगशाळेची वही मागवली. वहीत कोंडिबा लक्ष्मण ढेबे, उंबरकोंड, आणि पुढे तांबड्या शाईत निकाल. मग ते माझ्याकडे वळले. “मास्तर, हा तुमच्या यादीत का नाही?”

मी म्हटलं, बघतो.

मी रशिदाच्या खुर्चीत बसलो. नाव शोधलं. एक कोंडिबा ढेबे मिळाला. वडिलांचं नाव राम, छाती स्वच्छ. मग कागदी अर्जांची फाइल काढली. त्यात दोन कोंडिबा होते. दोन्ही अर्जांवर रशिदाची लाल टिक होती. नोंद झाली असं पडद्यावर आल्याशिवाय ती टिक करत नसे. एकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘बाळू’ लिहिलं होतं आणि दुसऱ्याच्या कोपऱ्यात ‘भिवा’.

तोवर मला कळलं होतं. पण कळणं आणि बघणं यात फरक असतो. मी एक तिसरा कोंडिबा बनवला. वडिलांचं नाव मनाला येईल ते, गणपत. उंबरकोंड, ढेबे, एक जून बहात्तर. बटण दाबलं. नोंद झाली. पुन्हा शोधलं. आता तक्त्यात गणपतचा मुलगा होता, जो जगात कुठेच नव्हता, आणि जो भिवा आठ महिन्यांपूर्वी शेजारच्या खोलीत हाताला टाके घालून गेला होता तो नव्हता. काही आवाज झाला नाही, पडदा हलला नाही. मी पंचवीस-तीस वर्षं ज्या यंत्रांसमोर बसलो होतो, त्यांतलं एक मला पहिल्यांदाच दिसत होतं, असं वाटलं.

मग मी अर्ज मोजले आणि नोंदी मोजल्या. कागदावर होती त्याहून चाळीसच्या वर माणसं संगणकात कमी होती.

आणखी एक गोष्ट त्या खुर्चीत बसल्यावर आठवली. माझी स्वतःची कागदोपत्री जन्मतारीख एक जून आहे. माझा जन्म आईच्या सांगण्याप्रमाणे भाद्रपदातला. आयुष्यभर प्रत्येक अर्जावर मी एक जून लिहीत आलो, आणि क्रमांक बनवताना एकदाही माझ्या मनात आलं नाही की असे आपण एकटे नसू.

बाळू नवव्या दिवशी गेला.

त्या नऊ दिवसांत मी जे केलं त्यातलं अर्धं मला आजही मान वर करून सांगता येतं. क्रमांक देण्याचं काम मी काढून घेतलं स्वतःकडून आणि संगणकावर सोपवलं. एक, दोन, तीन. राहिलेले सगळे अर्ज मी स्वतः भरले आणि त्या माणसांची यादी डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांतल्या तिघांना रोग निघाला. तिघांना वेळेत औषध मिळालं, ती बरी झाली.

उरलेलं अर्धं म्हणजे पत्र. रुग्णालयाच्या समितीने खुलासा मागितला होता. मी तो संगणकावर टाइप केला, छान समास सोडून. त्यातलं वाक्य मला पाठ आहे. “सदर अर्जांपैकी काही अर्ज संगणकात भरले गेले नाहीत असे दिसते.” कोणी भरले नाहीत, ते लिहिलं नाही. कोणाला दिसते, तेही लिहिलं नाही. नाव न घेता एका मुलीवर बोट ठेवलं, आणि नाव घेतलं नाही म्हणून स्वतःला सभ्य समजलो.

समितीने रशिदाला आत बोलावलं. मी बाजूला बसलो होतो.

“मी सगळे अर्ज भरले आहेत,” ती म्हणाली. “प्रत्येकावर टिक आहे.”

अध्यक्ष म्हणाले, “टिक करायला काय लागतं? पेन लागतं.”

दोघं-तिघं हसले. ती माझ्याकडे बघत होती. तिला खात्री होती, सर आता बोलतील. मी माझ्याच पत्राची घडी सरळ करत बसलो. पडद्यावर काय यायचं आणि मग काय यायला लागलं, हे तिला तिथे सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही. का नाही, हे विचारायची हिंमत मला इतक्या वर्षांत झाली नाही.

तिला कामावरून काढलं. ‘निष्काळजीपणा’ असा शेरा लिहिला आणि त्याच्याबरोबर माझ्या पत्राची प्रत घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी हसनभाई क्लासच्या दारात आले. आत आले नाहीत.

“मास्तर, तुमच्या हाताखाली दिली होती. एवढंच सांगा. तिची चूक हाय?”

“पत्रात लिहिलंय तेच,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि गेले. महाड केवढंसं गाव. हसनभाईच्या पोरीच्या हलगर्जीपणाने वरचा एक माणूस गेला, हे बाजारात कोणालाही ठाऊक होतं. रशिदा पुन्हा नोकरीला गेली नाही. दोन वर्षांत तिचं लग्न झालं, नवरा मस्कतला असतो असं ऐकलं.

पुढे रुग्णालय बंद पडलं, त्याचं दप्तर एका पुरात गेलं. माझं पत्रही त्यातच गेलं असणार, असं मनात आलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. तेही इथे लिहून ठेवतो.

यंदा उन्हाळ्यात ती एसटी स्टँडवर भेटली. तिनेच ओळखलं. “सर, तब्येत बरी आहे ना?” जसं काही कालपर्यंत मी शिकवत होतो. वडील थकले म्हणून ती माहेरीच राहते, मुलगी बारावी झाली. “ती कम्प्युटरला जायचं म्हणते,” रशिदा म्हणाली. “अब्बा नको म्हणतात. ऐकतच नाहीत.”

“का?” माझ्या तोंडून निघून गेलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता. आश्चर्य होतं, खरंखुरं. “तुम्ही विचारता, सर?”

मी घरी आलो. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की झालं ते झालं, मुलीचं लग्न झालं, माणसं विसरली. ते अजून चालूच होतं. माझं वाक्य अजून एका घरात काम करत होतं आणि आता दुसऱ्या मुलीला अडवत होतं.

चार दिवसांनी मी चवदार तळ्यामागच्या गल्लीत त्यांच्या घरी गेलो. हसनभाई खाटेवर बसले होते. ऐकू कमी येतं, पण डोकं लख्ख. रशिदा दारात उभी राहिली. मी सगळं सांगितलं. गाड्यांचे नंबर, एक जून, दोन कोंडिबा, मी बदललेला संदेश. ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. तीन घरं पलीकडेही गेलं असेल.

हसनभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी हिला तेव्हा विचारलंच नाय.”

“अब्बा, राहू द्या आता,” रशिदा म्हणाली.

“नाय विचारलं. तुमचं पत्र होतं ना, मास्तर. टाइप केलेलं. मला वाटलं, शिकलेल्या माणसाने टाइप करून दिलंय, म्हंजे आपली पोरच खोटं बोलते. अठरा-वीस वर्षं मी तिला असंच बघितलं.” ते रशिदाकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. “हेपण टाइप करून द्या.”

“कोणाच्या नावाने? ती समिती आता नाही, हसनभाई.”

“माझ्या. ते पत्र मी वाचलं होतं ना? मग हे मला लिहा.”

मी घरी येऊन पत्र लिहिलं, छापलं, सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन दिलं. हसनभाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शाळेतल्या पोरासारखं, शब्द-शब्द. रशिदा कालच्यासारखीच दारात उभी होती. तिसऱ्या ओळीवर ते थांबले.

“‘या कामात चूक झाली.’” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “मास्तर, माझा ड्रायव्हर यायचा आणि सांगायचा, शेठ, गाडी ठोकली गेली. मी म्हणायचो, ते मला दिसतंय. स्टिअरिंगवर कोण होता?”

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. वीस वर्षांनी, सगळं कबूल करायला बसल्यावरसुद्धा माझ्या हाताने तसंच वाक्य लिहिलं होतं.

मी कागद परत मागितला. खिशातलं पेन काढून ‘झाली’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘मी केली’. त्याच्या पुढच्या ओळीत ‘रशिदाला दोष दिला गेला’ असं होतं. तेही खोडलं. ‘मी दिला.’ प्रत्येक खाडाखोडीशेजारी सही केली आणि कागद त्यांना दिला.

हसनभाईंनी तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. या वेळी रशिदा आत आली आणि त्यांच्या शेजारी खाटेवर बसून ऐकू लागली.